आजीची पितळी भांडी रोजच्या वापरात आणायचीयत, पुण्यात कल्हई कुठे आणि कशी करून घ्यायची?

वाकडची_नवी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. मूळची बार्शीची, नोकरीमुळे चार वर्षं वाकडला आहे. गेल्या महिन्यात आजोळचं घर आवरलं, मामा म्हणाले मोडीत घालायच्या आधी तुला काय हवं ते घेऊन जा, आणि मी आजीची भांडी घेऊन आले. पितळेची दोन पातेली, एक डेचकी, परात, एक कढई, तांब्याची कळशी आणि एक काशाची वाटी. मोठ्या पातेल्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी आजीचं नाव घातलंय आणि त्याखाली शके १८७५. म्हणजे १९५३, आजीचं लग्न त्याच साली झालं, रुखवतातलं भांडं आहे ते.

मला ही शोकेसमध्ये मांडायची नाहीयेत, स्वयंपाकात वापरायचीयत. पण आतून पिवळी-तांबूस दिसतायत, एकदोन ठिकाणी हिरवट डाग आहेत. परवा उत्साहाच्या भरात डेचकीत टोमॅटोचं सार केलं तर चव इतकी विचित्र लागली की सगळं ओतून दिलं. आई फोनवर म्हणाली अगं कळकलं ते, कल्हई कुठाय त्याला. आता ही कल्हई, म्हणजे भांड्याला आतून कथलाचा थर देणं, पुण्यात अजून करतात का, कुठे, पैसे कसे घेतात, काय बघून घ्यायचं, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नाही. ज्यांच्या घरी अजून वापर आहे त्यांनी सविस्तर सांगा ना.

घाटावरची

सार ओतून दिलंत ते फार बरं केलंत. आंबट पदार्थ उघड्या पितळेत किंवा तांब्यात शिजवला की धातू त्यात उतरतो, मग मळमळ, उलट्या, पोटात कळा असं होतं. टोमॅटो, चिंच, कोकम, ताक, दही, लिंबू हे सगळं त्यात आलं. आमच्याकडे आजी म्हणायची कल्हई गेलेल्या भांड्यात ताक म्हणजे घरभर आजारपण. तोपर्यंत परात खुशाल वापरा, कणीक मळायला कल्हई लागत नाही. कळशीत पाणी भरायलाही लागत नाही, फक्त आतून चिंचेनं स्वच्छ घासून घ्या आणि त्यात लिंबूपाणी वगैरे करू नका.

जुनी_पेठ

ताई, करतात हो अजून. माझं सगळं आयुष्य कसब्यात गेलं त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

कसबा पेठेत तांबट आळी आहे. त्वष्टा कासार समाजाची ही मंडळी पेशवाईच्या काळापासून इथे तांब्यापितळेचं काम करतायत. पूर्वी आमच्या घरात पहाटे जाग यायची ती हातोड्यांच्या ठोक्यांनी, ठक ठक ठक एका लयीत, आणि सणाच्या दिवशी आवाज आला नाही की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आता ठोके कमी झालेत पण थांबलेले नाहीत. तिथे मुख्य काम मठारण्याचं, म्हणजे भांडं आकाराला आल्यावर त्यावर एकाशेजारी एक असे हातोडीचे ठोके द्यायचे, सगळे एका मापाचे, एका ओळीत. लोकांना वाटतं ती नक्षी आहे. नक्षी आहेच, पण ठोक्यांनी तांबं कडक होतं, मऊ पत्र्याला बळ येतं, म्हणून मठारलेल्या बंबाला किंवा हंड्याला पिढ्यान्‌पिढ्या पोचे पडत नाहीत.

कल्हईवाला वेगळा, तांबट वेगळा, हे लक्षात ठेवा. आळीत जाऊन विचारलंत की ते कल्हईवाल्याचा पत्ता सांगतात. रविवार पेठेत भांड्यांची दुकानं आहेत, त्यातली काही तुमचं भांडं ठेवून घेऊन कल्हई करून आणून देतात. पण माझं ऐका, शक्य असेल तर जिथे भट्टी आहे तिथेच जा आणि समोर बसून करून घ्या. एक तर माल काय वापरतात ते दिसतं, आणि दुसरं म्हणजे ते बघण्यासारखं असतं.

यायचं कसं तर पिंपरीकडून येणारी जांभळी मेट्रो थेट कसबा पेठ स्टेशनला येते, कुठे बदलायला लागत नाही. हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला तेव्हापासून पेठेत यायचा त्रास निम्मा झालाय. तिथून कसबा गणपती विचारत चालत या, पुढे कुणीही तांबट आळी दाखवेल. दुपारी एक ते चार बऱ्याच ठिकाणी विश्रांती असते, साप्ताहिक सुट्टीही ज्याची त्याची वेगळी, तेव्हा सकाळी दहा-साडेदहाला पोचा. गणपतीच्या दहा दिवसांत रस्ते बंद असतात तेव्हा येऊ नका, आणि दिवाळीच्या तोंडावर सगळ्या पुण्याला भांडी आठवतात तेव्हाही नको.

सायकलस्वार

मेट्रो बेस्टच. पण जड भांडी घेऊन कुणी गाडीवर येणार असेल तर पी-१ पी-२ च्या पाट्या बघून लावा, पी-१ विषम तारखेला, पी-२ सम तारखेला. चारचाकी पेठेत आत घालूच नका, मंडईजवळ बाबू गेनू वाहनतळात लावा आणि रिक्षा करा.

कोथरूडकर७२

माझा अनुभव सांगते म्हणजे दुसऱ्या कुणाला तो भोग नको. दोन वर्षांपूर्वी सोसायटीत एक जण दारावर आला कल्हई करतो म्हणून. मी खूश, लहानपणी आमच्या वाड्यात यायचा तसाच वाटला, चार भांडी दिली. चकचकीत करून दिली त्यानं. तीन आठवड्यांत पुसलं की फडक्याला काळं लागायला लागलं आणि महिन्याभरात तळाला पितळ दिसायला लागलं. नंतर एका जाणत्या माणसाला भांडं दाखवलं तर तो म्हणाला यात शिसं मिसळलेलं असणार, हे वापरू नका. माझी लहान मुलं, त्याच पातेल्यात त्यांची खीर व्हायची. फार वाईट वाटलं. दारावर येणारे सगळे तसे नसतात हे मला माहितीये, पण कथील कुठलं वापरताय हे मी तेव्हा विचारलंच नाही, ते विचारा.

रसायनवाली

कोथरूडकर ताई, तुमचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते म्हणून यातलं आतलं थोडं सांगते.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटाशी दोन्ही झगडतात. कल्हई म्हणजे त्यावर कथलाचा पातळ थर, कथील आंबटाला तांब्यासारखी चटकन दाद देत नाही म्हणून अन्न सुरक्षित राहतं. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, पितळ वितळायला ९०० च्या आसपास लागतात, म्हणून भांड्याला काही न होता त्यावर कथील पाण्यासारखं पसरवता येतं. पण तापलेल्या पितळेवर ऑक्साइडचा थर असतो, त्यावर कथील चिकटत नाही, गोळ्या होऊन पळतं. तिथे नवसागर कामाला येतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, गरम भांड्यावर टाकला की त्याचे वायू होतात आणि ते तो थर खाऊन टाकतात, खालचा धातू लख्ख उघडा पडतो आणि कथील लगेच धरतं. जो पांढरा धूर दिसतो तो याचा. घशाला झोंबतो, तेव्हा धूर जातो त्याच्या उलट्या बाजूला उभ्या राहा आणि लहान मुलांना, दम्याच्या माणसांना जवळ नेऊ नका.

आता शिसं. कथील महाग, आपल्या देशात फार थोडं निघतं, तेही छत्तीसगडच्या बस्तर भागात, बाकी बाहेरून येतं. शिसं स्वस्त आणि कथलात सहज मिसळतं, शिवाय मिश्रण आणखी कमी तापमानाला वितळतं म्हणून काम सोपं होतं. डाग द्यायला, म्हणजे तडा किंवा भोक धातू वितळवून बुजवायला, जे वापरतात त्यात परंपरेनं कथील आणि शिसं दोन्ही असतं, ते डाग देण्यापुरतं ठीक, जेवणाच्या भांड्याच्या आत कधीही नाही. शिसं शरीरात साठतं आणि मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. घरच्या घरी ओळखायची एक जुनी खूण म्हणजे शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की बारीक करकर आवाज येतो, शिसं जास्त असलं की तो आवाज बसतो. शिशाची भेसळ जास्त असेल तर कांडी कागदावर ओढल्यावर करडी रेघही उमटते. ही काही प्रयोगशाळेतली खात्री नाही, पण कल्हईवाल्याला "कांडी बघू का जरा" म्हटलं की चांगला माणूस आनंदानं हातात देतो.

आणि तुमच्या भांड्याला कुठे जुना डाग असेल, कानाशी किंवा तळाशी, तर आधी दाखवा. भट्टीवर तो वितळतो.

मेथकूट

वाह मस्त धागा. मी गेली अकरा वर्षं रोज पितळी पातेल्यात वरण-आमटी करते त्यामुळे कल्हई झाल्यानंतरचं मी सांगते, कारण लोक कल्हई करून आणतात आणि पंधरा दिवसांत घालवतात.

रिकामं भांडं गॅसवर ठेवायचं नाही. हा एकच नियम पाळलात तरी अर्धं काम झालं. माझ्या धाकट्या जावेनं नवी कल्हई केलेलं पातेलं गॅसवर ठेवलं आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली, कुरियरवाल्याशी बोलून ती परत येईपर्यंत तळाला कथलाचे मोहरीएवढे चमकणारे मणी झाले होते आणि त्यांच्या मधून पिवळं पितळ दिसत होतं. आत पाणी असेपर्यंत तळ शंभराच्या जवळपासच राहतो, कथील कसं वितळणार, पण कोरडं असलं की दोन मिनिटांत दोनशे-अडीचशेच्या वर जातं. म्हणून मी आधी पाणी किंवा वरण घालते आणि मग गॅस लावते. फोडणी वेगळ्या लोखंडी पळीत करून वरून ओतायची, चुर्र आवाजही छान येतो.

तुमची कढई तळणीसाठी असेल तर तिला कल्हई करून तळू नका, तेल तापवताना केव्हा जास्त होतं कळत नाही. तळायला लोखंडाची घ्या. पितळी कढईत शिरा, भाजी, रस्सा असं करा, मंद आचेवर.

घासताना आतून मऊ घासणी आणि साधा साबण, तारेची घासणी भांड्याच्या जवळसुद्धा आणू नका. कालथा लाकडी. बाहेरून हवं तेवढं चिंच-मीठ, पिळलेल्या लिंबाची सालं, पितांबरी, काहीही. आतली कल्हई काही दिवसांनी करडी, काळपट होते, घाबरून घासत बसायचं नाही, ती कल्हईच आहे. पिवळे-तांबूस ठिपके दिसायला लागले की पुन्हा करायची वेळ झाली. माझं रोजचं पातेलं साधारण आठ-दहा महिने जातं.

आणि चव! चिंचगुळाची आमटी एकदा करून बघाच. पितळ उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं त्यामुळे तळाला लागत नाही, डाळ अशी मिळून येते की बस.

वाकडची_नवी

अरे बापरे किती माहिती, सगळ्यांचे मनापासून आभार. कोथरूडकर ताई, तुमचं वाचून पोटात धस्स झालं, बरं झालं सांगितलंत.

जुनी पेठ काका, दोन प्रश्न आहेत. कल्हईनं आजीचं नाव तर पुसलं जाणार नाही ना? आणि पैसे नगावर घेतात का वजनावर? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मला घासाघीस जमत नाही, म्हणून आधीच विचारतेय.

जुनी_पेठ

ताई, घासाघीस करूच नका. त्या आगीसमोर उकिडवं बसून केलेलं काम आहे आणि कथलाचा भाव रोज बदलतो. कुणी नगावर सांगतो, कुणी भांड्याच्या आकारावर, कुणी वजनावर. काम सुरू व्हायच्या आधी आकडा ठरवून घ्या एवढंच.

नावाचं विचारलंत ते फार चांगलं केलंत. कल्हई आतून असते, नाव बाहेर, त्यामुळे कल्हईनं काही होत नाही. धोका आहे तो पॉलिशचा. बरेच जण कल्हईबरोबर बाहेरून बफिंग करून देतात, मशीनचं चाक फिरतं, भांडं सोन्यासारखं दिसतं आणि नाव गेलेलं असतं. हातानं छिन्नीनं ठोकलेले ठिपके फार खोल नसतात, एकदोन बफिंगमध्ये उडतात. माझ्या आईच्या कळशीवरचं नाव असंच गेलं, आम्ही नीट सांगितलं नव्हतं. स्पष्ट सांगा, बाहेरून मशीन लावायचं नाही, मी घरी चिंचेनं घासेन. आणि नेण्याआधी नावाचा फोटो काढून ठेवा.

पाणपोई

नाव घातलेल्या भांड्यांवरून आठवलं म्हणून लिहितोय. आमचं घर नारायण पेठेत नदीच्या बाजूला. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल, लाकडी कपाटं फुगून फुटलेली, धान्य, कपडे, पुस्तकं सगळं गेलं. आजी आणि आई चिखलात हात घालून घालून भांडी काढत होत्या. शेजारच्या तीन घरांची भांडी एकमेकांत मिसळली होती आणि ज्याची त्याला परत गेली ती फक्त त्यावरच्या नावामुळे. आमचा एक गडू पुढे दीड महिन्यानं पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी नाव वाचून आणून दिला. त्यातली एक डेचकी अजून माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात आहे, दरवर्षी कल्हई होते.

ताई, तुमच्या आजीचं नाव जपा.

घाटावरची

काका, वाचून अंगावर काटा आला.

भिजकी_छत्री

मधेच घुसतोय. घरची जुनी भांडी नाहीत पण वापरायचीयत, तर नवीन घ्यावी का जुन्या बाजारातून? आणि काशाच्या वाटीला पण कल्हई लागते का, आमच्याकडे पायाला तेल चोळायची एक आहे.

सायकलस्वार

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मंगळवार पेठेच्या बाजूला. मी दर महिन्याला एक चक्कर मारतो. मिळतात भांडी, पण खिशात छोटं लोहचुंबक ठेवा, पितळेला आणि तांब्याला ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आणि वर मुलामा आहे, सोडून द्या. भांडं उजेडाकडे धरून आतून बघा, बारीक भोकातून प्रकाश येतो. बोटाच्या पेरानं वाजवून बघा, तडा असेल तर आवाज बद्द येतो. काठ आणि कानाचे रिवेट नीट तपासा. स्वयंपाकासाठी पातळ पत्र्याचं घेऊ नका, हातात वजन लागलं पाहिजे.

नवीन हवं असेल तर रविवार पेठ नाहीतर तुळशीबाग. तुळशीबागेत लहान मुलींची पितळी भातुकलीसुद्धा मिळते, बंबापासून पोळपाटापर्यंत सगळं बोटाएवढं, बाहेरगावचे पाहुणे आले की मी आवर्जून दाखवतो.

रसायनवाली

काशाला कल्हई लागत नाही. कासं म्हणजे तांब्यातच कथील मिसळलेलं, साधारण तीन-साडेतीन भाग तांबं आणि एक भाग कथील. पण कासं ठिसूळ असतं, गॅसवर ठेवायचं नाही आणि हातातून पडू द्यायचं नाही, काचेसारखं तडकतं. तेल चोळायच्या वाटीत जेवू नका एवढंच, वेगळी ठेवा. अॅल्युमिनियमच्या भांड्याला कल्हई करून देतो असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, या पद्धतीनं ते होत नाही.

दगडी_उंबरा

पेठेत जाताच आहात तर कुंभारवाडा पण तिथेच कसब्यात आहे, कुंभारवेशीकडे. दही लावायला मातीचं गाडगं घ्या, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचं मग वापरायचं. सूप, रोवळी, टोपल्या हव्या तर बुरुड आळी. वायर, पंप, मिक्सरचे पार्ट तपकीर गल्लीत. नळ, कड्या, बिजागऱ्या बोहरी आळीत. एकाच फेरीत चार कामं होतात, आम्ही यादी करून दोन महिन्यांतून एकदा जातो.

मेथकूट

दगडी उंबरा, रोवळीची बरी आठवण केलीत, तांदूळ धुवायला तिच्यासारखं काही नाही.

वाकडची_नवी

जाऊन आले!! सगळं लिहिते, मोठं होईल.

शनिवारी सकाळी मेट्रोनं गेले, दोन पातेली पाठीवरच्या सॅकमध्ये आणि डेचकी हातात. डब्यात एका आजींनी विचारलं काय गं कल्हईला का, आणि स्टेशन येईपर्यंत त्या मला त्यांच्या माहेरच्या हंड्यांबद्दल सांगत होत्या. तांबट आळीत ठोक्यांच्या आवाजावरूनच पोचले, विचारायला लागलं नाही. एका कारखान्याच्या दारात एक काका मोठ्या तांब्याच्या बंबाला ठोके देत होते, मी पाच मिनिटं नुसती उभी. त्यांनी पातेलं हातात घेतलं, उलटं करून तळ बघितला, बोटानं वाजवला, म्हणाले चांगलं जाड घडीव आहे, मोडीत घालू नका. आणि कल्हईवाल्याकडे पाठवलं, दोन गल्ल्या सोडून.

भट्टी म्हणजे जमिनीत खळगा, त्यात कोळसा, खालून हवा देणारा हातानं फिरवायचा पंखा. माझ्या आधी दोन जण होते. मी पहिल्यांदा कांडी मागितली, जीभ जरा अडखळलीच, पण ते दादा हसून म्हणाले घ्या ना वाकवून बघा. मी कानाशी धरून वाकवली तर खरंच आतून बारीक करकर, कोवळी काकडी मोडल्यासारखी! तिथे उभ्या असलेल्या एका ताईंनीपण मग मागून घेतली.

आधी त्यांनी पातेली आतून वाळू आणि चिंचेच्या पाण्यानं घासली, पायानं, म्हणजे आत पोतं टाकून त्यावर उभं राहून कमरेतून असं गोल गोल फिरत. मग चिमट्यानं आगीवर धरलं. पातेलं तापलं तसा त्याचा रंग आधी गडद झाला, मग त्यांनी नवसागराची पूड भुरभुरली, भस्सकन पांढरा धूर आला, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी धुराच्या उलट बाजूला होते. कांडी नुसती टेकवली काठाला, दोनदा, इतकीच, आणि हातातल्या कापसाच्या बोळ्यानं एक फेर मारला. पिवळ्या पातेल्यात आतून चांदी पसरत गेली, तळापासून काठापर्यंत, हाताच्या मागे मागे. मला वाटलं होतं खूप वेळ लागत असेल, पण तो क्षण अर्ध्या मिनिटाचा पण नव्हता. मग सटकन पाण्यात, छस्स. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, धुरानं असेल थोडं, पण आजी आठवली हे खरं.

बफिंग नको म्हटलं तर त्यांनी स्वतःच नावावर बोट ठेवून विचारलं, आजीचं का? म्हणाले नाव असलं की मी पण मशीनला देत नाही.

डेचकीला मात्र काठाशी केसाएवढा तडा निघाला आणि त्याच्या शेजारी जुना डाग. ते म्हणाले हा डाग काढून पितळेचाच जोड द्यावा लागेल, तांबटांकडे ठेवा, आठवड्यानं या. ठेवून आलेय. रसायनवाली ताई, तुम्ही लिहिलं नसतं तर मला डाग म्हणजे काय ते पण कळलं नसतं.

रविवारी मोठ्या पातेल्यात चिंचगुळाची आमटी केली. आधी पाणी, मग गॅस. आईला व्हिडिओ कॉल करून पातेलं दाखवलं तर ती आधी आमटीकडे न बघता नावाकडेच बघत बसली.

मेथकूट

किती सुंदर लिहिलंय! आमटी उरली असेल तर रात्री त्यातच ठेवू नका हं. कल्हई असली तरी आंबट पदार्थ शिजवायचा आणि काढून घ्यायचा, मुक्कामाला ठेवायचा नाही.

जुनी_पेठ

वा ताई. डेचकी आणायला याल तेव्हा कढई पण घेऊन या, जोडीनं होईल. आणि दुपारी एकच्या आत या.

कोथरूडकर७२

मी पण माझी चार भांडी काढली माळ्यावरून. पूर्ण आधीचा थर काढून मग नवी कल्हई करतात का तिथे? कुणाला माहीत आहे का?

रसायनवाली

हो, तसंच सांगा. शिशाची शंका असलेला जुना थर पूर्ण उतरवून, पितळ उघडं करून मग नवी करायला सांगा, त्यावरच दुसरा हात नको. आणि उतरवण्याचं काम घरी करू नका, ती धूळ नाकातोंडात जायला नको.

वाकडची_नवी

मेथकूट ताई, तुमचं वाचलं आणि उठून आमटी स्टीलच्या डब्यात काढली. कोथरूडकर ताई, मी येत्या शनिवारी सकाळी साडेदहाला तिथेच आहे, डेचकी घ्यायला आणि कढई द्यायला. तुम्ही आलात तर दोघी मिळून बसू भट्टीपाशी. आणि वाकड, थेरगाव, पिंपळे सौदागरकडून कुणाचं एखादं पातेलं न्यायचं असेल तर निरोप टाका, माझ्या सॅकमध्ये अजून एकाची जागा आहे.